‘ऑपरेटरला समज दिली’

डिसेंबरचा दुसरा पंधरवडा लागला की दिघी-भोसरीपासून चाकण-तळेगावपर्यंतच्या कारखान्यांच्या पट्ट्यात एक उपदेश चहूकडून कानावर येऊ लागतो. कंपनीच्या मीटिंगमध्ये तो एचआरचे लोक करतात, हॉल भाड्याने घेऊन प्रेरणादायी वक्ते करतात, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या करतात आणि व्हॉट्सॲपवर नातेवाईक पुढे पाठवतात. वर्ष संपण्याआधी वही-पेन घेऊन शांत बसा. जानेवारीत ठरवलेली ध्येये एकाखाली एक लिहा, नोकरीतली वेगळी आणि घरची वेगळी. जे झाले त्यापुढे बरोबरची खूण करा. जे राहिले त्यापुढे का राहिले ते लिहा, आणि लिहिताना स्वतःशी प्रामाणिक राहा. परिस्थितीला दोष देऊ नका. वेळ मिळाला नाही, पैसे नव्हते, साहेबांनी संधी दिली नाही, या सगळ्या सबबी आहेत. यशस्वी माणूस सबबी सांगत नाही. तो पुढच्या वर्षीची ध्येये आणखी नेमकी लिहितो आणि आणखी जोर लावतो.

ऐकणारे मान डोलावतात. वर्षभराच्या कामाकडे एकदा मागे वळून पाहावे, याला कोण हरकत घेईल? हरकत मागे वळून पाहण्याला नाहीच. ती ‘परिस्थितीला दोष देऊ नका’ या एका वाक्याला आहे. तपासणी सुरू होण्याआधीच हे वाक्य निकाल लावून मोकळे होते. ध्येय हुकले तर दोष माणसाचा, हे आधीच ठरलेले. त्याने तो स्वतःच्या अक्षरात लिहून द्यायचा एवढेच बाकी राहते. याला उजळणी म्हणत नाहीत. हा कबुलीजबाब आहे.

आणि हा कबुलीजबाब इथे मागितला जावा, हे तर अजिबात पटणारे नाही. कारण दोषाचे खरे कारण कसे शोधावे, याचे जितके शिक्षण या पट्ट्यातल्या माणसांना मिळाले आहे तितके देशात फार थोड्या ठिकाणी मिळाले असेल.

चाकणच्या कुठल्याही सुट्या भागांच्या कारखान्यात ग्राहक कंपनीकडून माल रिजेक्ट होऊन परत आला की पुढे काय होते, हे लाइनवरचा प्रत्येक जण जाणतो. आठ-डी रिपोर्ट भरावा लागतो. फोर्ड कंपनीने 1980च्या दशकात रूढ केलेली ही पद्धत. त्यात माशाच्या काट्यासारखी आकृती काढतात. ती जपानच्या काओरू इशिकावा यांची. एकेका काट्यावर माणूस, यंत्र, माल आणि पद्धत असे मथळे येतात आणि प्रत्येकाखाली शक्य ती सगळी कारणे. मग टोयोटाच्या ताइइची ओनोंनी शिकवलेला प्रश्न, पाच वेळा: का? भाग उलटा बसला. का? फिक्श्चरमध्ये तो दोन्ही बाजूंनी बसतो. का? डिझाइन करताना पोका-योके, म्हणजे चूक होऊच न देणारी सोय, दिलेच नाही. का? खर्च मंजूर झाला नाही. असे करत करत कारण मशीनजवळून उठते आणि ऑफिसात जाऊन बसते.

या रिपोर्टमध्ये एक उत्तर सहसा चालत नाही. कारणाच्या रकान्यात ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’ आणि उपायाच्या रकान्यात ‘ऑपरेटरला समज दिली’ असे लिहून पाठवले, तर जाणता ऑडिटर तो कागद परत पाठवतो. त्याचे म्हणणे साधे असते: आज या ऑपरेटरला समज दिली, उद्या त्याच्या जागी दुसरा उभा राहील आणि तीच चूक करील, चूक होऊ देणारी व्यवस्था तुम्ही बदललीच नाही. क्वालिटीतल्या ट्रेनीला पहिल्या महिन्यातच हे समजते.

मग तोच ऑपरेटर, तोच ट्रेनी, तोच इंजिनिअर डिसेंबरात स्वतःच्या वर्षाचा फॉर्म भरायला बसतो, तेव्हा ही सगळी शिस्त जाते कुठे? काही रुपयांच्या बुशसाठी चारही काटे तपासायचे, पाच वेळा ‘का’ विचारायचे. आणि एका माणसाच्या बारा महिन्यांसाठी एकदाही विचारायचे नाही? त्याचे मशीन किती दिवस बंद होते, त्याला ट्रेनिंगला पाठवायचे ठरले असताना का पाठवले नाही, त्याच्या लाइनवर माणसे कमी होती का, हे मांडले की ती सबब ठरते. म्हणजे सुट्या भागाला जो न्याय मिळतो तो तो भाग बनवणाऱ्याला मिळत नाही.

ज्या एडवर्ड्स डेमिंग यांचे नाव गुणवत्तेच्या प्रत्येक प्रशिक्षणात घेतले जाते, त्यांनी या प्रश्नावर मत मांडताना कसलाही आडपडदा ठेवला नव्हता. 1950मध्ये जपानी उद्योजकांपुढे ज्यांची व्याख्याने झाली आणि ज्यांच्या नावाचा पुरस्कार मिळावा म्हणून भारतातले वाहन-उद्योग वर्षानुवर्षे तयारी करतात, तेच हे डेमिंग. त्यांनी व्यवस्थापनाचे जे प्राणघातक रोग सांगितले, त्यांत माणसांचे वार्षिक मूल्यमापन आणि गुणांकन हा एक होता. कामात येणाऱ्या अडचणींपैकी 94 टक्के व्यवस्थेच्या असतात, असा त्यांचा अंदाज होता. हे ते नुसते बोलून दाखवत नसत, प्रयोग करून दाखवत. एका खोक्यात 4,000 मणी. त्यांतले 3,200 पांढरे आणि 800 लाल. श्रोत्यांतून सहा ‘कामगार’ बोलवायचे. पन्नास खळग्यांची फळी खोक्यात बुडवून प्रत्येकाने मणी काढायचे. लाल मणी म्हणजे खराब माल. ज्याचे लाल कमी निघाले त्याचे कौतुक, ज्याचे जास्त निघाले त्याला ताकीद. पुढच्या फेरीत कौतुक झालेल्याचे लाल वाढत, ताकीद मिळालेल्याचे घटत, आणि फोरमन झालेले डेमिंग पुन्हा नव्याने शाबासकी आणि दम देत राहत. लाल मण्यांचे प्रमाण खोके भरणाऱ्याने ठरवलेले आहे आणि फळी धरणाऱ्याच्या हातात काहीच नाही, हे तोवर सभागृहातल्या प्रत्येकाला उमगलेले असे.

डेमिंग यांची पोस्टर शॉपवर लावायची, त्यांचे चक्र भिंतीवर रंगवायचे आणि डिसेंबरात माणसांना लाल मणी मोजायला लावायचे, हे एकाच छताखाली कसे चालते? ज्या कंपन्यांना ते चालते त्यांनी निदान त्यांचे नाव घेणे थांबवावे.

या उपदेशाची बाजू घेणारे लगेच पुरावा पुढे करतात. 1953 साली येल विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांना म्हणे विचारले गेले होते की, तुम्ही तुमची ध्येये लिहून ठेवली आहेत का? फक्त तीन टक्क्यांनी लिहिली होती. वीस वर्षांनी पाहिले तर या तीन टक्क्यांची संपत्ती उरलेल्या 97 टक्क्यांच्या एकत्रित संपत्तीहून जास्त भरली. ही गोष्ट पुण्यातल्या व्याख्यानांत सांगितली जाते, मराठीत छापलेल्या यशाच्या पुस्तकांतही भेटते. कधी येलच्या जागी हार्वर्ड येते आणि साल 1979 होते. असा अभ्यास कधी झालाच नाही. 1996मध्ये ‘फास्ट कंपनी’ या अमेरिकी मासिकाने ही गोष्ट सांगणाऱ्या नामवंत वक्त्यांना आधार विचारला, तेव्हा त्यांनी एकमेकांकडे बोट दाखवले; येलनेही असा अभ्यास झाल्याची कुठे नोंद नाही असेच सांगितले. ज्या गोष्टीच्या बळावर लाखो माणसांना ‘तू लिहिले नाहीस म्हणून मागे राहिलास’ असे सुनावले गेले, ती बनावट निघाली. ती सांगणाऱ्यांपैकी किती जणांनी पुढच्या डिसेंबरात ती मागे घेतली?

खरे अभ्यासही आहेत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन नॉरक्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नववर्षाचा संकल्प करणाऱ्यांपैकी 46 टक्के लोक सहा महिन्यांनंतरही यशस्वी होते. बदलाची इच्छा असून संकल्प न करणाऱ्यांत हे प्रमाण 4 टक्के होते. तेव्हा संकल्पाला काहीच अर्थ नाही, असे म्हणता येणार नाही, आणि कुणी म्हणूही नये. पण ते संकल्प कसले होते? वजन कमी करणे, व्यायाम करणे, सिगारेट सोडणे. माणसाने स्वतः ठरवलेले आणि बऱ्याच अंशी त्याच्या हातात असलेले. कंपनीच्या फॉर्मवरचे ध्येय वरून खाली आलेले असते. ते कुणी ठरवले, कशासाठी ठरवले आणि पूर्ण करायला काय दिले, हे तीन प्रश्न तिथे माणसाच्या हाती नसतात.

या पद्धतीच्या मूळ पुरुषांनी तरी असे सांगितले होते का? पीटर ड्रकर यांनी 1954मध्ये ध्येयाधारित व्यवस्थापन मांडले ते आत्मनियंत्रणाच्या जोडीने. स्वतःच्या कामाची माहिती माणसाला स्वतःला मिळावी आणि त्याने स्वतःला सुधारावे, वरच्याने त्यावरून त्याला धरावे असे नव्हे. ‘स्मार्ट’ ध्येयांची कसोटी जॉर्ज डोरन यांनी 1981मध्ये एका छोट्या लेखात दिली. त्यात हाती असलेल्या साधनसामग्रीत जे खरोखर शक्य आहे तेवढेच ध्येय धरावे, असे स्पष्ट होते. आणि प्रत्येक ध्येय पाचही कसोट्यांना उतरलेच पाहिजे असा त्यांचा आग्रहही नव्हता. ड्रकरांचे आत्मनियंत्रण गळाले. डोरन यांची साधनसामग्रीही गळाली. मागे राहिला तो आकडा आणि ती तारीख. जे गळाले ते नेमके वरच्यांना बांधणारे होते.

आता त्या तारखेकडे पाहू. 31 डिसेंबरला माणसाचे वर्ष संपते, हे तरी खरे आहे का? कंपनीचे वर्ष 31 मार्चला संपते. बोनसचे वर्ष दिवाळीला संपते, कारण 1965च्या कायद्याने हिशेबाचे वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत बोनस देण्याचे बंधन घातले. कायम कामगाराच्या पगारवाढीचे वर्ष करारावर चालते आणि करार साधारण तीन वर्षांचा असतो. आणि कंत्राटी कामगाराचे?

कंत्राटी कामगाराच्या वर्षाबद्दल जरा थांबून बोलले पाहिजे, कारण या पट्ट्यात लाइनवर उभे असलेले कितीतरी हात त्याचे आहेत आणि डिसेंबरच्या उपदेशात त्याचा विचार कुणी केलेला नाही. बारा महिन्यांत 240 दिवस सलग काम केले की कायम होण्याचा हक्क तयार होतो, असे महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत अनेक वर्षे लिहिलेले होते. म्हणून सात महिने भरत आले की अनेकांना ‘ब्रेक’ मिळतो. ठेकेदार सांगतो, महिनाभर घरी बस, मग बघू. मग दुसऱ्या गेटवर दुसरा ठेकेदार, नवा गेटपास, नवे पीएफ खाते, पुन्हा पहिला दिवस. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आयटीआय करून आलेला आणि दिघीत किंवा भोसरीत चौघांत एक खोली घेऊन राहणारा मुलगा पाच वर्षे असे करतो आणि त्याच्या अनुभवाच्या दाखल्यांवर सात-सात महिन्यांचे तुकडे जमतात. ज्याचे वर्षच पूर्ण होऊ दिले जात नाही त्याने वर्षअखेरीला कशाचा आढावा घ्यायचा? त्याच्या वहीत ‘कायम होणे’ हे ध्येय पाच वर्षे न झालेल्यांत राहिले, तर तिथे लिहायला त्याच्याकडे एकच कारण आहे. उपदेशक त्याला सबब म्हणणार.

काही कामे अशी असतात की त्यांना वर्ष हे मापच पुरत नाही. दिघीतल्याच माणसाला हे वेगळे सांगायला नको. आळंदी रस्त्यावर डीआरडीओची आर अँड डीई ही संस्था आहे. पूल, प्रक्षेपक, यंत्रमानव अशी लष्करी अभियांत्रिकीची कामे ती करते. पिनाक रॉकेट प्रणालीचा प्रक्षेपक तिचा, रॉकेटचे काम पाषाणच्या एआरडीईचे. पिनाकचा प्रकल्प 1986च्या डिसेंबरात मंजूर झाला आणि 1992च्या डिसेंबरात पुरा व्हायचा होता. तो तेव्हा झाला नाही. 1999मध्ये कारगिलच्या युद्धात पिनाकने प्रत्यक्ष मारा केला, आणि आज ती भारतीय तोफखान्याच्या मुख्य शस्त्रांपैकी एक आहे. आर्मेनियाने ती विकत घेतली आहे. 1992च्या 31 डिसेंबरला या कामावरच्या इंजिनिअरने वहीत कोणती खूण करायची होती? त्याने त्या रात्री प्रामाणिकपणे ‘ध्येय हुकले, दोष माझा’ असे लिहिले असते तर ते खोटे ठरले असते.

पिंपरीतली गोष्ट याहून ठळक आहे. टेल्कोने पहिली पूर्णपणे भारतात घडवलेली मोटार, इंडिका, 30 डिसेंबर 1998ला बाजारात आणली. तिच्यावर सुमारे 1,700 कोटी रुपये खर्च झाले होते आणि आठवडाभरात लाखाहून अधिक लोकांनी पैसे भरून नोंदणी केली. त्या वर्षअखेरीला सगळ्या खुणा बरोबरच्या. मग तक्रारी आल्या, ट्रकचा बाजार बसला आणि 2000-01मध्ये टेल्कोला 500 कोटींचा तोटा झाला. कंपनीच्या इतिहासातला तोवरचा सर्वांत मोठा. त्या मार्चअखेरीला सगळ्या फुल्या. पण 2001मध्येच सुधारलेली व्ही-टू आली, ती देशभरच्या टॅक्सीस्टँडपर्यंत पोचली आणि पुण्याच्या याच इंजिनिअरांनी पुढच्या गाड्या केल्या. माणसे तीच होती. 1998ला ती हुशार होती, 2001ला आळशी झाली आणि 2003ला पुन्हा हुशार, असे कुणी म्हणेल का? उद्योगाचा विचार करताना ही जाण सगळ्यांना असते. एकट्या माणसाचा विचार करताना ती का सोडून द्यायची?

उलट बाजूही आहे. माणसाने सगळी ध्येये गाठली आणि तरी सगळे गेले, याचे उदाहरण तळेगावात आहे. जनरल मोटर्सचा कारखाना तिथे 2008मध्ये सुरू झाला. कंपनीने 2017मध्ये भारतात गाड्या विकणे बंद केले, तरी तळेगावची लाइन निर्यातीसाठी चालू राहिली. गाड्या वेळेवर निघत होत्या आणि जहाजावर चढत होत्या. कारखाना चिनी कंपनीला विकण्याचा व्यवहार 2020च्या जानेवारीत जाहीर झाला. वर्ष असे गेले, आणि 24 डिसेंबर 2020ला शेवटची गाडी बाहेर पडली. पुढच्या एप्रिलमध्ये 1,419 कामगारांना कपातीच्या नोटिसा लागल्या. चिनी कंपनीचा व्यवहार 2022मध्ये बारगळला, 2023मध्ये ह्युंदाईशी करार झाला, आणि जुन्या कामगारांना सामावून घ्या ही मागणी करत माणसे रस्त्यावर बसली. त्या 24 डिसेंबरनंतरच्या आठवड्यात या कामगारांच्या घरी ‘मागे वळून पाहा, कुठे कमी पडलात ते शोधा’ असा मेसेज आला असेल, तर त्यांनी काय शोधायला हवे होते? वक्तशीरपणा? कौशल्य? जिद्द? कंपनीच्या डेट्रॉइटच्या मुख्यालयात झालेल्या निर्णयात यांतल्या कशाचे वजन पडले?

इथे उपदेशक मागे सरकून दुसऱ्या ओळीत उभे राहतात. नोकरीचे सोडा, ते म्हणतात. घरची ध्येये तर तुमच्या हातात आहेत ना? तब्येत, घर, स्वतःसाठी शिकणे.

घरच घेऊ. दिघीत गुंठा-दोन गुंठे घेऊन घर बांधायचे, हे कितीतरी कामगारांचे आयुष्याचे ध्येय. पण इथल्या लष्करी मॅगझिनभोवती रेड झोन आहे. 1903च्या संरक्षण कायद्याखालचे निर्बंध. त्या हद्दीत बांधकामाची परवानगी नाही आणि परवानगी नाही म्हणून बँकेचे कर्ज नाही. लोकांनी पै-पै जमवून, सोने गहाण टाकून घरे बांधली. मग अनधिकृत बांधकामांवर मिळकतकराच्या दुप्पट शास्तीकर आला आणि तो थकत थकत घराच्या डोक्यावर बसला. पंधरा वर्षे ‘कर्जमुक्त होणे’ हे ध्येय या घरांच्या वहीत न झालेल्यांत राहिले. ते सुटले कशाने? पहाटे पाचला उठून नव्हे. मोर्चे निघाले, निवडणुकांत प्रश्न गाजला आणि 2023मध्ये शासन निर्णय निघून पिंपरी-चिंचवडचा शास्तीकर माफ झाला. रेड झोन अजून आहे. परिस्थितीला दोष द्यायचा नाही, हा उपदेश या माणसांनी मानला असता तर ती आजही कर भरत बसली असती.

तब्येतीचेही तेच. रोज पाऊण तास चालायचे, असे ठरवणारा माणूस आठवड्याला पाळी बदलतो. या आठवड्यात पहिली, पुढच्यात दुसरी, त्यापुढे रात्रपाळी. दिघीहून चाकणला जाताना मोशी, कुरुळी, तळेगाव चौक असा पुणे-नाशिक रस्ता आडवा येतो आणि त्यावरची कोंडी इतकी जुनी झाली की 2025मध्ये चाकणच्या कामगारांनी आणि गावकऱ्यांनी मोर्चा काढला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने 2007पासून रात्रपाळीच्या कामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवले आहे. पाळ्यांचा तक्ता कोण लावतो? रस्ता कोण बांधतो? चालायला न गेलेल्याने स्वतःला आळशी म्हणण्याआधी या दोन प्रश्नांची उत्तरे लिहून घ्यावीत.

आणि बाईला हा उपदेश करताना तर निदान एक सरकारी अहवाल वाचलेला असावा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019मध्ये वेळेच्या वापराची पाहणी केली. त्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटे देत होत्या. घरकाम करणारे पुरुष 97 मिनिटे. आणि दिवसभरात घरकामाला हात लावणारे पुरुष चारांत एकच होते. इलेक्ट्रिकल हार्नेसच्या लाइनवर आठ तास उभी राहून घरी परतलेल्या बाईच्या वहीतला ‘बी.कॉम. पूर्ण करणे’ हा मुद्दा यंदाही राहिला असेल, तर त्याचे कारण तिच्या इच्छाशक्तीत शोधायचे की या 299 मिनिटांत? नवऱ्याच्या वहीत ‘स्वयंपाक आणि भांडी निम्मी माझी’ हे ध्येय कुणी लिहायला सांगितले आहे का?

मोजमाप केल्याशिवाय सुधारणा होत नाही, असा शेवटचा आधार घेतला जातो. मोजमापाचेही पाहू. अनेक कंपन्यांत डिसेंबर-मार्चच्या आढाव्यातून जे गुण निघतात ते बेल कर्व्हमध्ये बसवले जातात. जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्श यांनी माणसांची वरचे 20, मधले 70 आणि खालचे 10 टक्के अशी विभागणी गाजवली. तिचा अर्थ इतका सरळ आहे की तो लपवावा लागतो: विभागातल्या प्रत्येकाने ध्येय पूर्ण केले तरी ठरावीक लोक तळाशी टाकायचेच. मायक्रोसॉफ्टने 2013मध्ये ही पद्धत बंद केली. पुढे खुद्द जनरल इलेक्ट्रिकनेही वार्षिक गुणांकन सोडले. ज्यांनी शोधले त्यांनी टाकले, आणि इथे मॅनेजर अजूनही मार्च महिन्यात ‘तुझे काम चांगले होते, पण कर्व्हमध्ये बसवावे लागले’ असे सांगतात. मग माणसाने वर्षभराचा आढावा प्रामाणिकपणे लिहिला काय आणि न लिहिला काय, काय फरक पडला?

यावर विचारले जाईल, मग करायचे काय? वर्षाकडे पाहायचेच नाही?

पाहायचे, पण दोन्ही बाजूंनी. आणि ते कसे पाहायचे हे शिकायला परदेशी जायला नको. पिंपरी-चिंचवडच्या कामगारांच्या सहकारी पतसंस्थांत जावे. 1960च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाप्रमाणे हिशेबाचे वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे सप्टेंबरअखेरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावीच लागते. सभासदांना आधी नोटीस जाते, सोबत छापील अहवाल आणि ताळेबंद. मागच्या सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले जाते, म्हणजे गेल्या वर्षी संचालकांनी काय कबूल केले होते ते सगळ्यांसमोर पुन्हा येते. मग मागच्या खुर्च्यांवरचा एखादा वेल्डर उभा राहतो आणि विचारतो की, थकबाकी वाढली कशी? लाभांश का घटला? लेखापरीक्षकाने काढलेल्या दोषांची दुरुस्ती झाली का? उत्तर चेअरमनला द्यावे लागते. थकलेल्या कर्जदाराचा विषय निघाला तर घरात आजारपण होते की कारखाना बंद पडला होता, हेही बोलले जाते, हप्ते पाडून दिले जातात. त्याला कुणी ‘सबबी सांगू नकोस’ असे म्हणून बसवत नाही, कारण त्याचे कारण समजून घेतल्याशिवाय पैसे परत येत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक असते. या सभा आदर्श असतात असे नाही. कितीदा त्या गोंधळात आटोपतात. पण तिथे उत्तर देणारा आणि प्रश्न विचारणारा यांच्या जागा बरोबर आहेत. ज्याच्या हातात निर्णय होते तो उभा राहतो आणि ज्याच्यावर त्यांचा परिणाम झाला तो विचारतो. वर्षअखेरीच्या मूल्यमापनात या जागा उलट्या लावलेल्या आहेत, आणि ‘परिस्थितीला दोष देऊ नका’ हे वाक्य त्या तशाच राहाव्यात म्हणून आहे.

त्या सुलट्या लावल्या जाईपर्यंत या पट्ट्यातल्या कुठल्याही कामगाराकडून, ट्रेनीकडून, इंजिनिअरकडून एकतर्फी फॉर्मवर सही मागितली जाऊ नये. कंपनीला माणसाच्या ध्येयांचा आढावा हवा असेल तर तिने आधी आपले पान भरावे. जानेवारीत कबूल केलेल्या ट्रेनिंगपैकी किती दिले? पाळी किती वेळा आणि किती दिवस आधी सांगून बदलली? मंजूर जागा किती आणि प्रत्यक्ष माणसे किती? किती जणांना 240 दिवसांच्या आत ब्रेक दिला आणि त्यांतले किती त्याच मशीनवर परत आले? दिलेले ध्येय पुरे करायला लागणारे मशीन, माल आणि माणसे त्या तारखेला हजर होती का? या पानावर प्लँट हेडची सही हवी आणि ते नोटीस बोर्डावर लागायला हवे, आठ-डी रिपोर्ट ग्राहकाला पाठवतात तितक्याच सक्तीने आणि तितक्याच मुदतीत. कामगाराने आपले पान त्यानंतर भरावे. आणि कारणाच्या रकान्यात जे खरे कारण असेल ते, परिस्थिती असली तर परिस्थिती, नाव-तारखेसह लिहावे.